धाकलूचा निरोप

मी जळत होते. सरळ सांगून टाकते, उगाच आढेवेढे नकोत. हनुमान मेंगाळ नावाच्या माझ्याच विद्यार्थ्यावर मी दीड वर्ष जळत होते. त्याचं चांगलं झालं की माझं पोट दुखायचं, आणि लोक त्याचं कौतुक करायला लागले की मला एकदम वर्गातलं काहीतरी काम आठवायचं.

मी रुपाली देसले. शहापूरजवळ हायवेला एक इंजिनिअरिंग कॉलेज आहे, तिथे मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. तेव्हा शिकवायचे म्हणजे दर जूनला नवीन नेमणूक, दर मे महिन्यात घरी. अशी नऊ वर्षं काढली. नऊ वेळा तोच अर्ज, त्याच झेरॉक्स, आणि नऊ वेळा ऑफिसातल्या क्लार्कने मला विचारलं, ‘मॅडम, तुम्ही नवीन का?’ २००५च्या दिवाळीनंतर प्राचार्यांनी सांगितलं, तुमच्या विभागातली एक जागा कायम होणार आहे. एकच. जानेवारीच्या शेवटी बाहेरची समिती येईल, ज्याला जागा हवी त्यानं आपलं संशोधन तिच्यापुढे मांडायचं. अर्ज दोनच आले, माझा आणि हनुमानचा. माझी नऊ वर्षं, त्याचं दीड. मला वाटलं होतं, हा पोरगा आपणहून म्हणेल की मॅडम, तुमचा हक्क आधी. तो म्हणाला नाही. का म्हणावं त्यानं? पण मला राग आला तो आलाच.

माझं संशोधन काय ते दोन शब्दांत सांगते, कारण सगळं त्यावरच अडलंय. समजा एका मैदानात पन्नास माणसं फिरतायत आणि प्रत्येकाच्या हातात छोटा वायरलेस आहे. टॉवर नाही, तार नाही. या टोकाच्या माणसाला त्या टोकाच्या माणसाकडे निरोप धाडायचा, तर तो मधल्या माणसांच्या वायरलेसवरून उड्या मारत जाणार. या फिरत्या माणसांना आम्ही नोड म्हणतो आणि निरोपाची वाट ठरवण्याला राउटिंग. माणसं उभी असली तर वाट टिकते. माणसं पळायला लागली की मधला कोणीतरी निघून जातो, वाट तुटते, निरोप गळतो. वेग जितका जास्त तितकी गळती जास्त. हे मी एम.ई.ला कॉम्प्युटरवर दोन वर्षं खपून दाखवलं होतं. माझा आलेख डावीकडे वर सुरू व्हायचा आणि उजवीकडे घसरत जायचा. तो मी फ्रेम करून टेबलामागे लावला होता. हसू नका, दुसऱ्यांच्या टेबलामागे मुलांचे फोटो असतात.

हा आलेख मी हनुमानला त्याच्या शेवटच्या वर्षाला शिकवला. पोरगा सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका वाडीतला, आदिवासी ठाकरांचा. घरची बोली वेगळी, पहिली दोन वर्षं वर्गात तोंड उघडायचा नाही. त्याला बोलतं मी केलं. जर्नल लिहायला मी शिकवलं. एकदा त्यानं प्रयोगाचा एक आकडा नुसता अंदाजाने भरला होता, तेव्हा अख्ख्या वर्गासमोर त्याची वही टेबलावर आपटून मी म्हटलं होतं, ‘माहीत नसेल तर रकाना मोकळा ठेव. अंदाजानं भरायचा नाही.’ ते त्यानं इतकं मनाला लावून घेतलं की पुढे त्याच्या वह्यांत मोकळे रकाने दिसायचे आणि मला आतून बरं वाटायचं. पास झाल्यावर तो आमच्याच विभागात लागला. त्याचं टेबल माझ्या टेबलाला लागून. दिवसातून दहा वेळा मान वळवून विचारायचा, ‘मॅडम, जरा बघता?’ मी वैतागून म्हणायचे, ‘काय आहे रे आता?’ पण बघायचे. खरं सांगू, नऊ वर्षांत मला इतकं कोणी विचारलं नव्हतं.

मग एक दिवस त्यानं माझ्या फ्रेमकडे बघून म्हटलं, ‘मॅडम, यातली माणसं कुठं जायचं ते कसं ठरवतात?’ मी सांगितलं, कॉम्प्युटर कुठलाही एक बिंदू निवडतो, माणूस तिथे जातो, थोडं थांबतो, परत दुसरा कुठलाही बिंदू. तो फ्रेमजवळ जाऊन आलेख पाहून आला. मग म्हणाला, ‘आमच्याकडं असं कोणी फिरत नाय.’

एवढंच म्हणाला. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दोन वर्षांची मेहनत, आणि हा काल आलेला पोरगा सांगतो की असं कोणी फिरत नाही. मी म्हटलं, मग कसं फिरतात ते दाखव की करून. आणि त्या गाढवानं खरंच करून दाखवलं.

मुरबाडहून धसईला एसटी आहे, पण तिच्या वेळा तिच्या मर्जीच्या. लोक जातात जीपने. मुरबाडच्या नाक्यावर जीप नंबराला लागतात, भरली की सुटते, न भरता बराच वेळ गेला तर आहेत तेवढ्या सवाऱ्या घेऊन निघते. हनुमानने प्लॅस्टिकच्या जंक्शन बॉक्समध्ये वायरलेसचं कार्ड आणि बॅटरी बसवून सात डबे केले. एक मुरबाडला सायकलच्या दुकानात ठेवला, एक धसईला त्याच्या बहिणीच्या, बाळीच्या चहाच्या टपरीत. उरलेले पाच पाच जीपमध्ये, प्रत्येकावर त्या जीपचा नंबर रंगवून. बाळीने आणि सायकलवाल्याने दिवसातून ठरल्या वेळी आपापलं बटण दाबायचं, की निरोप निघाला. रस्त्याने जीप एकमेकींना ओलांडतील तसा तो या डब्यातून त्या डब्यात उडी मारत दुसऱ्या टोकाला पोचायचा. डबे साधे होते, मेमरी चिमूटभर. निरोप कधी निघाला आणि कधी पोचला एवढंच उरायचं, मधे कुठल्या डब्यातून कुठल्या डब्यात गेला हे त्यांच्यात लिहून राहत नव्हतं. ते तो जीपच्या फेऱ्यांवरून जुळवायचा.

त्यासाठी त्याने एक लांबट वही केली होती. निरोप, कुणी दिला, कुणी नेला, कधी निघाला, कधी पोचला आणि शेवटी, उशीर झाला असेल तर कारण. कारण ड्रायव्हरांना विचारून भरायचं. मी चोरून वाचली होती ती वही. ‘टायर पंक्चर.’ ‘म्हशी आडव्या.’ ‘ड्रायव्हर पोरीचं बारसं जेवायला थांबला.’ आणि अधेमधे मोकळे रकाने, कारण कळलं नाही म्हणून.

त्याला या रस्त्याची एक गोष्ट ठाऊक होती, जी कुठल्या पुस्तकात नाही. दोन्हीकडून अर्ध्याच भरलेल्या जीप मधल्या चिंचेपाशी भेटल्या, तर ड्रायव्हर सवाऱ्या बदलतात. धसईची माणसं मुरबाडहून आलेल्या जीपमधून उतरून समोरच्या जीपमध्ये बसतात, मुरबाडची इकडे येतात, आणि दोन्ही जीप आल्या वाटेने परत फिरतात. डिझेल वाचतं. याला ते पालट म्हणतात. हनुमानने हे सगळं हिशेबात धरलं होतं. त्याच्या कागदाचं म्हणणं असं, की खऱ्या माणसांचं फिरणं असं विस्कळीत नसतं, आणि पळत्या जीप एकमेकींना ओलांडतात तेवढ्या अवधीतसुद्धा निरोप पुढे जातो. शंभरातले त्र्याण्णव पोचले, आणि वेग वाढला तरी आकडा हलला नाही. त्याचा आलेख जवळजवळ सपाट होता. माझा घसरत होता.

आता सांगा, दोघांचे आलेख शेजारी शेजारी ठेवले तर जागा कुणाला?

डिसेंबरभर मी हेच पाहत होते. प्राचार्य आमच्या खोलीत यायचे ते थेट त्याच्या टेबलाशी. एका साप्ताहिकाचा वार्ताहर आला, डबा हातात धरून हनुमानचा फोटो काढला, आणि मला म्हणाला, ‘मॅडम, थोडं बाजूला होता का, फ्रेम येते मधे.’ फ्रेम म्हणजे माझा आलेख! आमचा शिपाई गणू, नऊ वर्षं माझ्या चहात साखर घालायची की नाही हे विसरणारा, तो हनुमानला विचारायला लागला की साहेब, आज आलं टाकू का. मी घरी जाऊन आईवर खेकसायचे. आई म्हणायची, तुझ्याच हाताखालचा ना तो, मग तुला आनंद व्हायला हवा. व्हायला हवा हे मलाही कळत होतं. होत नव्हता त्याला मी काय करू?

जानेवारीच्या दहा तारखेला, मंगळवारी, मी किरकोळ रजा टाकली आणि मुरबाडची एसटी धरली. आईला सांगितलं, धसईला मावशीकडे जाते. मावशी आहे तिथे, खोटं नाही. पण गेले होते मी खोट काढायला. मला त्या रस्त्यावर कुठेतरी त्याची एक चूक हवी होती.

हनुमान स्वतः त्या जीपमधून जायचा तो रविवारी, कारण बाकी दिवस तास असायचे. आणि रविवारी कल्याण-मुंबईकडची माणसं गावाला आलेली, जीप भरून वाहायच्या. पालट व्हायचाच नाही. मंगळवारी मात्र नाक्यावर शुकशुकाट. मला मिळाली धाकलूची जीप. धाकलू म्हणजे पन्नाशीचा, अंगाने बारका, हनुमानच्या वाडीच्या शेजारचाच. डबा मागच्या सीटखाली तारेने बांधलेला होता. अर्धा तास थांबून चार सवाऱ्यांवर आम्ही निघालो. तारेने डबा असा घट्ट बांधलेला बघून माझा हिरमोड झाला होता.

चिंचेपाशी समोरून जीप आली. तिच्यात पाच जण. दोन्ही ड्रायव्हरांनी हात केले, गाड्या बाजूला घेतल्या. पालट. आम्ही चौघं उतरून पलीकडे गेलो, ते पाच इकडे आले. मी नव्या जीपमध्ये बसते तो काय बघते, धाकलूने वाकून सीटखालची तार सोडली, डबा उचलला, नीट पुसला आणि आमच्या जीपच्या ड्रायव्हरच्या हातात दिला. त्याने आपला डबा धाकलूला दिला. दोघांनी आपापल्या सीटखाली बांधले. जसं काही डबासुद्धा सवारीच.

मी खाली उतरले आणि धाकलूला विचारलं, हे काय केलंत तुम्ही?

धाकलूने मला सरळ सांगितलं. हनुमानने डबा देताना सांगितलं होतं, दादा, मुरबाडहून निघालात की यातला निरोप धसईला पोचला पाहिजे, सांभाळून न्या. मग डबा धसईचा. धसईची सवारी पलीकडच्या गाडीत बसते, तर धसईचा डबा धाकलूबरोबर परत मुरबाडला कशाला न्यायचा? संध्याकाळी ज्याचा नंबर त्याच्या गाडीत परत जातो. पहिल्या दिवसापासून असंच चाललं होतं, पाचही गाड्यांत. आपल्याकडच्या पोराचं काम, म्हणून ते एकही पालट चुकवत नव्हते.

मला तिथेच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. हनुमान समजत होता की निरोप हवेतून उड्या मारतोय. निरोप डब्यात बसून ड्रायव्हरांच्या हातून चालला होता! जीप अर्ध्या वाटेतून परत फिरली तरी डबा पुढे जात होता, मग आलेख सपाट येईल नाहीतर काय होईल? त्याचे त्र्याण्णव टक्के धाकलूच्या दोन हातांचे होते. वायरलेसचा त्यात किती वाटा, हे आता देवालाच ठाऊक.

माझं तोंड बघून धाकलू घाबरला असावा. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाला:

‘चुकलं का आमचं काय, मॅडम? तुमी त्याच्याच कालेजातल्या ना? त्याला सांगा, पालटात डबे आमी बदलतो म्हनून. चालत नसंल तर नाय बदलायचो. सांगाल ना?’

‘सांगते,’ मी म्हटलं.

असं म्हणून मी मावशीकडे गेले, भाकरी आणि वालाची भाजी खाल्ली, आणि दुपारच्या जीपने परत आले. येताना मी गुणगुणत होते. मावशी म्हणाली होती, आज फार खुशीत दिसतेस गो, काही जमलं की काय.

दुसऱ्या दिवशी हनुमान टेबलाशी होता. माझ्या टेबलापासून त्याची खुर्ची तीन फुटांवर. तोंड उघडायचं आणि एक वाक्य बोलायचं, एवढंच काम होतं. तीन आठवडे हातात होते त्याच्या, डबे जागच्या जागी घट्ट करून, पंधरा दिवस पुन्हा आकडे घेऊन, तो खरं काय ते मांडू शकला असता. मी बोलले नाही. मनाशी ठरवलं, आत्ता सांगितलं तर हा दुरुस्त करील. समितीसमोर सांगितलं तर उभा राहू शकणार नाही.

त्यातून त्यानं मला संधी दिली नाही असंही नाही. मकरसंक्रांतीच्या आदल्या दिवशी त्याने आपला कागद माझ्यापुढे ठेवला. ‘मॅडम, जरा बघता? कुठं खोट असंल तर आत्ताच सांगा. तिथं सगळ्यांपुढं फजिती नको.’ मी पानं उलटली. जिथे पालटाचं लिहिलं होतं तिथे माझं बोट थांबलं. मग मी पान उलटलं आणि म्हटलं, ‘छान आहे.’ तो इतका खूश झाला की त्याने घरून आणलेले तिळाचे लाडू माझ्या टेबलावर ठेवले. बाळीच्या हातचे. मी दोन खाल्ले. गोड लागले, तेही सांगते.

एकतीस जानेवारीला समिती आली. मुंबईहून एक म्हातारे प्राध्यापक, आमचे प्राचार्य आणि संस्थेचे दोन जण. विभागातल्या सगळ्यांना बसायची आणि प्रश्न विचारायची मुभा होती. आधी मी बोलले. माझा घसरता आलेख दाखवला. म्हाताऱ्या प्राध्यापकांनी मान हलवली, जांभई दाबली. मग हनुमान उभा राहिला. त्याने डबा टेबलावर ठेवला, धसईचा रस्ता फळ्यावर काढला, चिंचेचं झाड काढलं. म्हातारे प्राध्यापक खुर्चीत पुढे सरकले. पालटाचं ऐकून तर ते हसले आणि म्हणाले, तीस वर्षं शिकवतोय, हे कधी ऐकलं नव्हतं. माझ्या शेजारी बसलेला गणूसुद्धा, ज्याला एक अक्षर कळत नव्हतं, तो कौतुकाने बघत होता. नाकाला मिरच्या झोंबल्या म्हणतात ना, तसं झालं मला.

प्रश्नांची वेळ आली. मी हात वर केला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला अहो-जाहो केलं. विचारलं:

‘पालटाच्या वेळी डबा त्याच जीपमध्ये राहतो, हे तुम्ही स्वतः कधी पाहिलंत?’

हनुमान गोंधळला. म्हणाला, नाही, पण रोज संध्याकाळी डबे आपापल्या जीपमध्ये असतात. मग मी पाहिलेलं सांगितलं. तार सोडली, डबा पुसला, हातात दिला, सगळं. कधी पाहिलं ते सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. मी खणखणीत आवाजात बोलत होते. नऊ वर्षांत इतकं चांगलं मी कधी बोलले नव्हते.

तो वाद घालील असं मला वाटलं होतं. निदान म्हणेल, एखाद्याच दिवशी झालं असेल. तो फळ्याकडे वळला, स्वतःच काढलेल्या झाडाकडे त्याने एकदा बघितलं, आणि मग समितीला म्हणाला, ‘मॅडम सांगतात तर तसंच असणार. मग हे आकडे धरता येणार नाहीत, सर. मी कागद मागं घेतो.’ डबा उचलला आणि खाली येऊन बसला. माझ्या मागच्या रांगेत.

म्हाताऱ्या प्राध्यापकांनी जाताना माझ्या चौकस नजरेची तारीफ केली. आठवड्याने ऑर्डर आली. माझं नाव, कायम. मी शहापूरहून किलोभर पेढे आणले आणि खोलीखोलीतून वाटले. क्लार्कला दोन दिले आणि म्हटलं, आता मी नवीन नाही. त्या दिवशी मंगळवार होता आणि हनुमानने रजा टाकलेली होती. त्याच्या वाटणीचा पेढा मी कागदात बांधून त्याच्या टेबलावर ठेवला. ठेवताना वाटलं, झालं गेलं, पोरगा लहान आहे, त्याला पुढे जागा मिळतीलच. जळफळाट एकदम थांबला होता. जागा मिळाल्यावर मोठं मन दाखवायला काय जातंय?

बुधवारी सकाळी मी आले तेव्हा तो आधीच आलेला होता. पेढा तसाच कागदात. त्याच्यापुढे ती लांबट वही उघडी होती.

मी म्हटलं, काल कुठे होतास? तो म्हणाला, धसईला, ड्रायव्हरांना भेटायला. वही उचलली, तीन फूट चालत आला आणि माझ्या टेबलावर माझ्याकडे तोंड करून ठेवली. वरच्या ओळी नेहमीच्याच होत्या, पंक्चर, म्हशी, बारसं. सगळ्यात खाली ताज्या शाईची एक ओळ.

निरोप: पालटात डबे बदलतो, चालतं का. कुणी दिला: धाकलू. कुणी नेला: रु. देसले. निघाला: १० जानेवारी, सकाळ. पोचला: ३१ जानेवारी, समितीसमोर. एकूण: एकवीस दिवस.

शेवटचा रकाना मोकळा होता.

वहीत एवढा उशीर दुसऱ्या कुठल्याच निरोपाला नव्हता. म्हशी आडव्या आल्या तेव्हासुद्धा अर्धा तास लागला होता.

‘धाकलूदादा काल मला म्हणाला, मॅडमकडं सांगितलं होतं की, पोचलं नाय का,’ हनुमान म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. ‘मी म्हटलं, पोचलं. एवढा रकाना तुमी भरा, मॅडम. कारण मला माहीत नाय. आणि अंदाजानं भरायचं नाय, हे तुमीच शिकवलंय.’

त्याने पेन वहीवर ठेवलं आणि उभा राहिला.

मी खूप काही लिहू शकले असते. परीक्षा होती. आजारी होते. विसरले. त्यातलं एखादं लिहिलं असतं तर त्याने ते तसंच ठेवलं असतं. मागे माझी फ्रेम होती, समोर तो, आणि मला दहा तारखेचा धाकलू दिसत होता, टोपी हातात घेऊन चुकलं का म्हणून विचारणारा. त्या बिचाऱ्यांनी आपल्या हातून एक निरोप गाळला नव्हता. पाच जीप, पाच ड्रायव्हर, रोजचा धुरळा, आणि एकूण एक डबा पुसून पुढे दिला होता. हातून गळला तो फक्त माझ्यापाशी, खुर्चीवर बसल्या जागी, ज्याचा होता त्याच्यापासून तीन फुटांवर.

मी पेन उचललं आणि लिहिलं: ‘नेणारी जळत होती.’

त्याने ते वाचलं. मग शेजारी बोट ठेवून म्हणाला, सही करा. मी सही केली. त्याने वही मिटली, कपाटात ठेवली, खडू घेतले आणि तासाला गेला.

पुढे त्याने डबे जीपच्या सांगाड्याला बोल्टने ठोकले आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं. पावसाळ्यापर्यंत त्याचे आकडे आले. आलेख घसरता होता, माझ्यासारखाच, नुसता थोडा सावकाश. हे मला गणूकडून कळलं, कारण त्याची प्रिंट गणूने आणून दिली, आणि कोणीही विचारलं नसताना सांगितलं की साहेबांनी तुमच्या फ्रेमशी ताडून बघितली.

आमची टेबलं अजून शेजारी आहेत. तो मला नमस्कार करतो, रजेवर जाताना सांगून जातो, मुलांना माझ्याकडे पाठवतो. पण ‘मॅडम, जरा बघता?’ असं त्याने त्यानंतर कधी विचारलेलं नाही. अधूनमधून त्याच्या खुर्चीचा आवाज झाला की मी मान वळवते. तो कपाटातून काहीतरी काढत असतो.